प्रवाळावरचा नखाएवढा गोबी शोधायचा कसा: स्नॉर्केल आणि स्कुबा करणाऱ्यांसाठी

अंदमानहून किंवा लक्षद्वीपहून कोणी परत आलं की पहिले प्रश्न ठरलेले, कासव दिसलं का, शार्क दिसला का. दिसावेत, छानच आहे. पण कासवाच्या मागे पाय मारत आपण ज्या कोरलवरून पुढे जातो ना, त्याच कोरलवर दीड-दोन सेंटिमीटरचे आठ-दहा मासे बसलेले असतात आणि ते बघायचे राहूनच जातात. माझंही तेच झालं होतं, पहिल्या सहा डाइव्हमध्ये एकही गोबी दिसला नाही. सातव्या डाइव्हला जोडीदाराच्या मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं म्हणून आम्ही सगळे एका गोल कोरलपाशी दहा मिनिटं थांबलो, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी त्या कोरलकडे बघत बसलो आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कोरलचा एक कण उडी मारून दोन बोटं पुढे जाऊन बसला. तो मासा होता. मग एकेक करत अकरा मोजले, सगळे एका परातीएवढ्या जागेत.

तेव्हापासून मी जवळपास याच माशांसाठी पाण्यात उतरतो. कोणी विचारलं की प्रत्येक वेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

आधी ओळख करून घ्या

गोबी हे मोठं खानदान आहे, जगात जवळपास दोन हजार जाती. आपल्याकडे खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या माहीत आहेत ना, त्या यांच्या जवळच्या नात्यातल्या. निवटी डोळ्यासमोर आणली तर अर्धा गोबी कळला: डोकं जाड, डोळे वर आलेले, थोडं सरकायचं आणि थांबायचं, बूड टेकवून बसायचं. बऱ्याच गोबींचे पोटाखालचे दोन पर जोडले जाऊन छोटी वाटी झालेली असते, तिच्या जोरावर ते लाटेतही कोरलला चिकटून राहतात.

रीफवर, म्हणजे प्रवाळखडकावर, बारक्या गोबींचे चार प्रकार शोधायचे. मराठीत त्यांना नावं नाहीत, त्यामुळे शास्त्रीय नावंच वापरावी लागतात, घाबरू नका, दोन दिवसांत तोंडात बसतात.

इव्हिओटा हा सगळ्यात सोपा. कोरलच्या पाठीवर उघड्यावर बसतो, अंग काचेसारखं आरपार, आत मणक्याच्या रेषेवर विटकरी-लाल पट्टे. शंभराहून जास्त जाती आहेत. ट्रिमा साधारण तेवढाच, पण सावलीतला, कपारीत आणि गुहेच्या छताखाली असतो, कित्येकदा पोट छताकडे करून उलटा. गोबिओडॉन फांद्यांच्या कोरलच्या आत राहतो, पिवळा, हिरवा किंवा लाल रेघांचा, गोलमटोल, आणि आयुष्याचा बराचसा भाग एकाच कोरलमध्ये काढतो. चौथा ब्रायनिनॉप्स, हा चाबकासारख्या लांब एकदांडी कोरलवर बसतो, बहुतेक वेळा नर-मादी जोडीने.

याहूनही लहान आहेत. चागोस बेटांवरून १९८१ साली ट्रिमॅटॉम नॅनस नावाच्या गोबीचं वर्णन झालं, तो पूर्ण वाढला तरी एक सेंटिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे बासमतीच्या कच्च्या दाण्याएवढा. तो शोधायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका.

हे एवढं कशासाठी बघायचं

हे एकदा कळलं की पाण्यात थांबायला धीर येतो, म्हणून सांगतो. ग्रेट बॅरियर रीफवर इव्हिओटा सिगिलाटा नावाचा गोबी आहे. मार्शल डेपचिन्स्की आणि डेव्हिड बेलवुड या दोन संशोधकांनी २००५ साली दाखवून दिलं की तो जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एवढं कमी आयुष्य दुसऱ्या कुणाचं तोवर नोंदलेलं नव्हतं. माशाच्या कानात चुन्याचा बारीक खडा असतो, त्यावर रोज एक रेघ पडते, झाडाच्या खोडात वर्षाला वलय पडतं तसं. त्या रेघा मोजून हे कळलं. पहिले तीन आठवडे पिल्लू उघड्या समुद्रात, मग रीफवर उतरून आठ-पंधरा दिवसांत वयात येतं, आणि उरलेले साडेतीन आठवडे संसार. तेवढ्यात मादी अंड्यांच्या दोन-तीन खेपा घालते आणि नर त्यांची राखण करतो.

इतक्या घाईत जन्मायचं आणि मरायचं कारण म्हणजे यांना सगळेच खातात. २०१९ साली सायमन ब्रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला, की रीफवर जेवढं माशांचं मांस दुसऱ्यांच्या पोटात जातं त्यातलं जवळजवळ ६० टक्के या तळाशी बसणाऱ्या बारक्या माशांचं असतं. एक खाल्ला गेला की त्याची जागा घ्यायला दुसरं पिल्लू आलेलंच असतं, यांची पिल्लं फार लांब न जाता रीफच्या आसपासच राहतात. कोरलवर दिसणारी ती मोठी रंगीत मासळी बऱ्याच अंशी यांच्यावर पोसली जाते. म्हणून मला हे मासे बघणं म्हणजे रीफचं स्वयंपाकघर बघण्यासारखं वाटतं.

कुठे आणि कधी जायचं

भारतात दोन जागा सरळ आहेत, लक्षद्वीप आणि अंदमान. लक्षद्वीपला कडमत, बंगारम, आगत्ती, कवरत्ती, इथले लगून, म्हणजे बेट आणि रीफ यांच्या मधलं पाणी, उथळ आणि स्वच्छ आहेत, स्नॉर्केलवर काम होतं. प्रवेश परमिट लागतं, ते आधी काढा, विमान आणि जहाज कोचीहून. ऑक्टोबर ते मेचा पहिला पंधरवडा बरा. अंदमानात हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, तिथे डिसेंबर ते एप्रिल सगळ्यात भरवशाचं.

मालवणचं काय असं हमखास विचारतात. मालवणच्या समुद्री अभयारण्यात कोरल आहे, मला ते फार जवळचं आहे, पण पाणी बहुतेक वेळा गढूळ असतं आणि तिथल्या टुरिस्ट डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून फिरवतो, थांबता येत नाही. दीड सेंटिमीटरच्या माशासाठी ते जमत नाही. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, तिथलं कोरल फार सुंदर आहे, पण ते खोल आणि भर समुद्रात, सहलीची जागा नाही.

तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी बघा, हे कोळी लोकांचं गणित इथे जसंच्या तसं लागू पडतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणात पाणी ओढतं, एका जागी थांबणं अवघड. भांगात पाणी संथ. चार दिवसांचीच सहल असेल तर अष्टमी मध्ये येईल अशी ठेवा. आणि लगूनमध्ये उतरायचं तर चढत्या भरतीला, तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. सुकतीला गाळ बाहेर निघतो, शिवाय पाणी इतकं कमी होतं की पोट कोरलला घासतं.

घरी करायची तयारी

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे आणि लोक नेमका हाच सोडतात.

डोळे तपासून घ्या. चाळिशी लागली असेल तर मास्कमध्ये खालच्या बाजूला चिकटवायची वाचायची भिंगं मिळतात, ती लावा. लांबचा नंबर असेल तर नंबरचा मास्क घ्या. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना दोन वर्षं गोबी दिसत नव्हता, भिंग लावल्यावर पहिल्याच डाइव्हला त्यांनी मला दाखवला.

दुसरं म्हणजे छोटा टॉर्च, दिवसासुद्धा. पाण्यात पाच-दहा मीटरवरच लाल रंग जवळपास संपतो आणि यातले बरेच गोबी लालसर आहेत, टॉर्चशिवाय ते राखाडी कोरलवरचे राखाडी ठिपके. लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहण्याचा घट्ट टी-शर्ट, घ्या, म्हणजे अंगाला सनस्क्रीन फासावं लागत नाही. हातमोजे मुद्दाम घेऊ नका, हातमोजे असले की हात आपोआप कोरलवर जातो.

तिसरं, तरंगणं. स्कुबा करणार असाल तर एक दिवसाची डिस्कव्हर डाइव्ह या कामाची नाही, ओपन वॉटर कोर्स करा, तीन-चार दिवस लागतात. तोवर स्नॉर्केल बरं. आणि कोर्स झाल्यावर लगेच कोरलजवळ जाऊ नका. स्विमिंग पूलमध्ये भिंतीवरची एक फरशी निवडा, नाक तिच्यापासून हातभर लांब, आणि हात छातीशी बांधून दोन मिनिटं तिथेच राहायचं. वर नाही, खाली नाही, पाय मारायचे नाहीत, फक्त श्वासावर. श्वास घेतला की थोडं वर, सोडला की थोडं खाली, एवढंच. हे जमेपर्यंत रीफवरच्या गोबीजवळ जाऊ नका असं मी कळकळीने सांगतो, कारण पायातल्या फिनचा एक फटका बसला की फांदी तुटते आणि त्या फांदीत कोणीतरी अंडी राखत बसलेलं असतं. कडक कोरल, काळं कोरल, समुद्रपंखे हे सगळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. तुटलेला तुकडासुद्धा उचलून आणायचा नाही.

चौथी तयारी फुकटची आहे. मुंबईत असाल तर मोठ्या सुकतीला खडकाळ किनाऱ्यावर जा, हाजीअली, कार्टर रोड, कुठेही. डबक्यांमध्ये मातकट गोबी असतात. एका डबक्याशी उकिडवे बसा, तुमची सावली पाण्यावर पडू देऊ नका, पाच मिनिटं हलू नका. आधी काहीच दिसणार नाही, मग वाळूचा एक भाग सरकेल. डोळ्याला ही सवय इथेच लावून घ्या, रीफवर एअर मोजून असते. मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी २०१७ पासून अशा किनारा-फेऱ्या घडवतात, त्यांच्याबरोबर गेलात तर आणखी उत्तम.

पाण्यात उतरल्यावर

बोटीवरच डाइव्हमास्टरला सांगून ठेवा की मला लांब फिरायचं नाही, पाच ते आठ मीटरवर एक-दोन कोरलपाशीच थांबायचंय. आधी सांगितलं की तो जोडी तशी लावतो, पाण्यात गेल्यावर सांगायला गेलात तर सगळ्यांची डाइव्ह बिघडते. एवढ्या उथळ पाण्यात शांत राहिलं तर टाकी तासभर सहज पुरते.

कोरल निवडताना मोठ्या दगडासारखं गोल, पिवळट-तपकिरी पोराइट्स शोधा, ज्यावर ख्रिसमस ट्री वर्म नावाच्या, कोरलमध्ये राहणाऱ्या किड्याचे रंगीत तुरे दिसतात. त्याच्या एका बाजूला वाळू हवी. वाळूच्या बाजूने जा, डोकं थोडं खाली, पाय थोडे वर, म्हणजे वाळू उडत नाही. हातभर अंतरावर थांबा. आता तीन मिनिटं काही करू नका. तुम्ही पोचलात तेव्हाच सगळे गोबी दबकलेले असतात, बुडबुड्यांची त्यांना सवय व्हावी लागते.

मग मासा शोधू नका, डोळा शोधा. हे वाक्य मला एका जुन्या डायव्हरने सांगितलं आणि त्यानंतर सगळं सोपं झालं. अंग आरपार असतं पण डोळा आरपार नसतो, कोरलच्या एकसारख्या ठिपक्यांवर दोन गोल चमकदार ठिपके जवळजवळ दिसले की तो गोबी. टॉर्च समोरून मारायचा नाही, बाजूने तिरका धरायचा, म्हणजे सावली पडते आणि मासा कोरलपासून सुटा दिसतो. नजर सगळ्या कोरलभर फिरवू नका. एक तळहाताएवढा तुकडा घ्या, तो संपला की शेजारचा, शेतात पाथ धरून खुरपतात तसं.

एक सापडला की त्याच्याचपाशी थांबा. इव्हिओटा जवळून असा दिसतो: पुढच्या परांवर कोपर टेकल्यासारखा बसलेला, डोकं किंचित वर, डोळे एकमेकांपासून वेगवेगळे फिरतायत. अंगातून पलीकडचं कोरल दिसतं, मणक्यावर लाल-पांढरे तुकडे एकाआड एक, पोटाच्या जागी चांदीसारखी चमक. पाठीचा पर झटकन उभा करतो आणि पाडतो, बहुतेक शेजारच्या गोबीला बघून. मग शेपटीचा एक झटका, बोटभर उडी, पाण्यातला काहीतरी कण तोंडात, आणि परत त्याच जागी, अगदी त्याच खड्ड्यात. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, पाच मिनिटं बघितलं तर तुम्हाला त्या कोरलवरच्या वाड्या कळायला लागतात, इथपासून इथपर्यंत याचं, पलीकडे त्याचं.

इव्हिओटा जमला की फांद्यांच्या कोरलकडे वळा. गोबिओडॉन वरून दिसत नाही, समोरून फांद्यांच्या आत बघायचं, तो खोलात दोन फांद्यांच्या बेचक्यात असतो. त्याच्या अंगाला खवले नसतात आणि अंगावरचा चिकट थर विषारी असतो. फिजीत डॅनिएल डिक्सन आणि मार्क हे यांनी २०१२ साली एक फार मोठी गोष्ट दाखवली: कोरलला एका विषारी शेवाळाचा स्पर्श झाला की कोरल पाण्यात रासायनिक हाक सोडतं आणि १५ मिनिटांच्या आत आतले गोबी येऊन ते शेवाळ कुरतडून टाकतात. म्हणून फांद्यांच्या कोरलमध्ये टोचणी घालून मासा बाहेर काढायचा प्रकार कोणी करत असेल तर थांबवा. तो मासा तिथे भाड्याने राहत नाही, त्या घराची देखभाल करतो.

ट्रिमासाठी कपारीचं छत बघा, टॉर्च आधी मंद ठेवून. आत हात घालू नका, लायनफिश आणि स्कॉर्पियनफिशची हीच जागा.

ब्रायनिनॉप्स सहसा थोडा खोल, दहा-पंधरा मीटरच्या पुढे, त्यामुळे त्या खोलीचं ट्रेनिंग असेल तरच. चाबकासारखं कोरल सापडलं की टोकापासून खाली हळूहळू नजर उतरवत या. गोबी दिसला की तो लगेच दांडीच्या पलीकडच्या बाजूला जातो, खारूताई झाडामागे जाते तसा. त्याच्या मागे गोल फिरू नका. जोडीदाराला पलीकडे शांत थांबायला सांगा, गोबी आपोआप तुमच्या बाजूला येतो. दांडीवर कुठे बोटाच्या पेराएवढा भाग सोलल्यासारखा आणि त्यावर बारीक दाणे दिसले तर ती अंडी आहेत, दोन-चार सेकंद बघा आणि मागे व्हा.

फोटो

पहिल्या डाइव्हला कॅमेरा नेऊ नका. खरंच. बघायची सवय व्हायच्या आत कॅमेरा आला की आपण स्क्रीनमध्ये मासा शोधतो आणि तिकडे फिन कोरलला लागतात.

नंतर नेलात तर जवळचा मॅक्रो मोड असलेला साधा वॉटरप्रूफ कॅमेरा पुरे, बाहेर लेन्स लावता आली तर बरं. फोकस डोळ्यावर. माशाच्या वरून नाही, त्याच्या पातळीला येऊन, त्याच्या अंगाला समांतर. श्वास अर्धा सोडून झालेला असताना हळू क्लिक करा, पण स्कुबात श्वास रोखून धरायचा नाही, कधीच नाही. मोठा कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र एफ ८ ते ११ च्या आसपास ठेवा, त्याहून उघडं ठेवलं तर डोळा येतो आणि शेपटी जाते. एका माशाला आठ-दहा फ्लॅश झाले की पुढे व्हा.

वर आल्यावर नोंद

त्याच दिवशी लिहा, दुसऱ्या दिवशी सगळं मिसळतं. खोली किती, कोणत्या आकाराच्या कोरलवर, उघड्यावर की सावलीत, एकटा की जोडी, किती होते, कोरल जिवंत होतं की पांढरं पडलेलं. फोटोपेक्षा ही माहिती ओळख पटवायला जास्त कामाची, कारण इव्हिओटाच्या जाती फोटोवरून तज्ज्ञांनाही अवघड जातात. फोटो असेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, जातीचं नाव ओढूनताणून लिहू नका, नुसतं इव्हिओटा लिहिलं तरी चालतं.

पांढरं कोरल मुद्दाम लिहा असं का म्हणतो, तर २०२४ साली लक्षद्वीपचं पाणी तापून फार मोठ्या भागावर कोरल पांढरं पडलं, त्याआधी १९९८, २०१० आणि २०१६ ला झालं होतं. कोरल मेलं की गोबिओडॉनला दुसरं घर नसतं, तो जातोच. मोठ्या माशांचा फरक कळायला वेळ लागतो, याचा लवकर कळतो, पण कधी, तर आधी तो तिथे होता हे कोणीतरी लिहून ठेवलं असेल तरच.

म्हणून तुमचं कोरल नीट ओळखता येईल असं टिपून ठेवा, जेट्टीपासून कुठे, शेजारी काय, भरतीला पाणी किती, आणि लांबून त्याचा एक फोटो. मी नीलला एका पोराइट्सपाशी तीन वर्षं जातोय. त्याच्या डावीकडच्या उतारावर ख्रिसमस ट्री वर्मच्या निळ्या तुऱ्याखाली एक खळगा आहे, बोटाचं टोक मावेल एवढा. तिन्ही वर्षं त्यात एक इव्हिओटा बसलेला होता. जेमतेम दोन-तीन महिने जगणारा मासा, म्हणजे दर खेपेला तो वेगळाच, मधल्या वर्षभरात कित्येक पिढ्या होऊन गेलेल्या. यंदा मी पोचलो तेव्हा खळगा रिकामा होता. वाळूवर थांबलो, चौथ्या मिनिटाला उजवीकडून एक आला, दोनदा पर उभा केला आणि आत जाऊन बसला.